पेत्राचं काम

मुलांनो, कल्पना करा: चर्चमध्ये ईस्टरच्या नाटकाची तालीम चालू आहे. येशूला पकडल्यावर भीतीने त्याची ओळख नाकारणारा शिष्य पेत्र झालेल्या सलोमीला "मी त्याला ओळखत नाही" एवढंच म्हणायचं आहे, पण तिला रडूच फुटलं.

"बाई, मला पेत्र नको. परवा शाळेत मुली आजोबांच्या ठिगळाच्या कोटाला हसल्या, तेव्हा मी त्यांच्यासमोरच म्हटलं, हे आमचे कोणी नव्हेत."

"अगं, पेत्राची गोष्ट तिथे संपत नाही," तालीम घेणाऱ्या बाई म्हणाल्या. "प्रभू मेलेल्यांतून उठल्यावर त्याने पेत्रालाच न्याहारीला बोलावलं आणि आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, त्याच्या हवाली केली."

मागे बाकं पुसत हे सगळं ऐकणारे सलोमीचे आजोबा हसले. "चला पेत्रबुवा, न्याहारीला! चपाती गार होतेय."

सोमवारी शाळेच्या फाटकाशी सलोमीने आजोबांचा हात धरला आणि मुलींना हाक मारली, "ए, इकडे या! हे माझे आजोबा."