चिकट स्थळ

"जोरात बोट ओढलं की माझा मुलगा भिरकावल्यासारखा स्क्रीनबाहेर जातो," वधूवर सूचक मंडळाचे सबनीसकाका फोन दाखवत म्हणाले. "बरं दिसतं का ते?"

मंडळाचं ॲप केतकीने लिहिलं होतं. "काका, फोटो बोटाच्या वेगाने जातो. नको असलेलं स्थळ लोक जोरातच सरकवतात."

"बाकीच्यांचं राहू दे. आमच्या मंदारला जरा जड कर."

केतकीने मंदारच्या फोटोचा वेग कमी केला. काका "अजून, अजून" म्हणत राहिले. शेवटी फोटो कितीही ओढला तरी बोट उचलताच मधोमध परत येऊ लागला. "आता कसा घरंदाज वाटतो," काका म्हणाले.

संध्याकाळी केतकी घरी पोचली, तर आई फोन देव्हाऱ्यासमोर ठेवून हात जोडत होती.

"मंडळाच्या ॲपवर तुझ्यासाठी स्थळं बघत होते. हा मुलगा दुपारपासून सरकवतेय, सारखा परत समोर येतोय. योग म्हणतात तो हाच. रविवारी बोलावलंय त्यांना."

"आई, ते मीच केलंय," केतकी म्हणाली.

आईने स्क्रीनवरच्या मंदारला कुंकू लावलं. "तेच म्हणतेय मी. तुझ्याच हातून व्हायचं होतं."