नावाचा रकाना

"नाव?" मोजणीसाहेबाने चौथ्यांदा विचारलं.

म्हातारी उकिडवी बसून समोरच्या शेवाळलेल्या दगडाकडे बघत होती. दगडाखाली तिची लेक होती. साहेबाच्या मांडीवर कागद होता आणि त्यावरचा नावाचा रकाना कोरा होता. डोंगराच्या पलीकडून यंत्रांची घरघर येत होती. मधेच ती थांबायची, मग एखादं मोठं झाड कोसळल्याचा आवाज यायचा, आणि जमलेले सगळे पेनान, त्या रानात फिरून राहणारे लोक, मान खाली घालायचे.

बोर्निओच्या या रानाचा कायदा गोऱ्यांनी जाता जाता करून ठेवला होता. अमुक वर्षाच्या आधी ज्याने जंगल तोडून शेत केलं, जमीन त्याची. पेनानांनी जंगल कधी तोडलंच नव्हतं. सागोच्या माडाच्या खोडातलं पीठ खायचं, फुंकनळीने शिकार करायची आणि माड पुन्हा वाढेपर्यंत दुसरीकडे मुक्काम हलवायचा. म्हणजे जमीन त्यांची नव्हती. एकच फट राहिली होती. त्या वर्षाआधीची कबर दाखवता आली, तर डोंगर वाचत होता. आणि या डोंगरावर कबर सापडली ती एवढीच. बाकीच्या कबरी रानाने कधीच पोटात घेतल्या होत्या.

"तिला सांग," साहेब पानायला म्हणाला, "ओढ्याच्या वरच्या अंगाला दोन कबरी होत्या. त्या लोकांनीही नावं सांगितली नाहीत. मी लिहिलं, 'नाव नाही'. कचेरीने कागद परत पाठवला. नाव नाही म्हणजे कबर नाही, नुसता मातीचा उंचवटा. आज ते रान कुठं आहे, बघून या म्हणावं."

पानाय वस्तीचा म्होरक्या, म्हातारीच्या बहिणीचा मुलगा. साहेबाची भाषा येणारा तेवढा एकच. त्याला बघून यायची गरज नव्हती. वरून येणारा ओढा आता नुसता चिखल वाहत होता. महिनाभरात कुणाला मासा दिसला नव्हता.

"मावशी, बोल ना गं."

"तुला ठाऊक नाही होय रे? गेलेल्याचं नाव घेतलं की ते माघारी वळतं. तीन वर्षांची पोर माझी. हाक ऐकली तर धावत येईल. मग तिला परत कुणाबरोबर पाठवू?"

"मग दुसरं काहीतरी ठोकून दे. ह्याला काय कळतंय?"

"दुसरं कुणाचं? नावं काय झाडाला लागतात? जे घेशील ते कुणाचं तरी आहेच. मातीत घातलेलं नाव पुन्हा कुणी तोंडात घेत नाही. कुणाचं घालू? तुझं?"



"माझं नको हं!" मागून सायुंग ओरडली. "मला अजून चौथा नवरा करायचाय."

"तुझं घालून उपयोग काय? तू मातीतूनही बडबडशील," म्हातारी म्हणाली.

तशातही लोक हसले. सायुंग म्हातारीच्या बरोबरीची. दोघी फळांच्या एकाच मोसमात जन्मल्या. बाकी सगळे म्हातारीला मावशी म्हणायचे, नाहीतर आजी. नावाने हाक मारणारं माणूस एकटी सायुंगच उरली होती. रोज सकाळी ओढ्याच्या पलीकडच्या काठावर उभी राहून ती म्हातारीचं नाव घेऊन ओरडायची, "जिवंत आहेस का गं?" इकडून शिवी आली की समाधानाने चूल पेटवायला जायची.

साहेबाने घड्याळ बघितलं आणि पेनाला टोपण लावलं.

"माझी होडी सुटायची वेळ झाली. आज कागद गेला नाही तर उद्या यंत्रं इकडे चढतील. मला थांबवता येणार नाहीत. खरंच नाही."

पलीकडची घरघर थांबली. झाड कोसळलं. या वेळी जवळ. पायाखालची माती हलली. म्हातारीने दगडावर पंजा ठेवला, निजलेलं पोर दचकू नये म्हणून ठेवतात तसा.

मग तिने एक नाव सांगितलं. एकदाच, पण साहेबाला लिहून घेता यावं इतकं स्पष्ट.

 सायुंगने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

"सुटलो बाबा," म्हणत साहेबाने टोपण काढलं आणि नाव लिहिलं. "कधी गेली मुलगी?"

"गोरा साहेब होडीतून मीठ वाटायला आला होता, त्या मोसमात," म्हातारी म्हणाली. पानायने ते कसंबसं साहेबाला सांगितलं. साहेबाने बोटांवर मोजून वर्ष काढलं. वर्ष कायद्यात बसत होतं.

"झालं. आता शेवटचा रकाना. साक्षीदार, मुलीची आई." तो पानायकडे वळला. "हिचं नाव काय?"

पानायने तोंड उघडलं आणि मिटलं.

"अरे, मेलेल्याचं नाही, हिचं विचारतोय. ही तर समोर बसलीय!"

 साहेबाने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. जो तो जमिनीकडे बघत होता.

"साहेब," पानाय शेवटी म्हणाला, "तिथं नुसता अंगठा घ्या."

डोंगर अजून तरी उभा आहे. सायुंग रोज सकाळी ओढ्यावर येते, तोंड उघडते, मिटते आणि एक खडा पाण्यात टाकते. इकडून म्हातारी शिवी देते. तिचं स्वतःचं नाव वस्तीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ते आता त्या दगडाखाली आहे, म्हणून या गोष्टीतही आलं नाही.