धैवताखालची रेघ

अण्णांनी भैरवातली बंदिश धरली आणि इंदुमतीच्या हातातला चहा सांडला. त्यांचा धैवत शुद्ध लागला होता.

"अण्णा, धैवत कोमल आहे! तुमचीच बंदिश आहे ही."

"काहीतरीच! पहिल्यापासून असाच आहे." अण्णांनी कानामागच्या चिपवर बोट ठेवलं. "सकाळीच बंदिशींच्या संग्रहाची नवी आवृत्ती उतरली. संपादक तूच ना?"

इंदुमतीने धावत जाऊन मुद्रितं काढली. कोमल स्वराखाली आडवी रेघ हवी. या धैवताखाली ती नव्हती. तिच्याच नजरेतून सुटली होती. म्हणजे आज देशातला प्रत्येक गायक असंच गाणार आणि असंच आठवणार!

संपादकाच्या चिपमध्ये आवृत्ती सगळ्यांत शेवटी, बारा वाजता उतरायची. बाराला दोन मिनिटं होती. दुरुस्ती मात्र गाऊनच नोंदवावी लागे. तिने नोंदणीचं यंत्र लावलं, अण्णांची जुनी वही उघडली. धैवताखाली लाल शाईची ठळक रेघ होती. तिने षड्ज लावला.

बारा वाजले. तिच्या कानामागे बारीकशी कळ आली.

ती गायली. "आता कसा बरोबर लागला!" अण्णा खुलले.

इंदुमतीचं लक्ष वहीकडे गेलं. इतकी वर्षं ही चूक कशी राहिली? तिने ब्लेड घेतलं आणि लाल रेघ हलकेच खरवडून काढली.