पाळणाघराचा जिना

“ठेव बोट. आणि चाल.”

ऑफिसात नुकत्याच लागलेल्या चिमणीनं बोट ठेवलं. टेबलावर बांधायच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याचा नकाशा पसरला होता. ताईनं खिशातून खोडरबर काढला आणि ‘पाळणाघर’ लिहिलेल्या चौकोनात आपटला.

“हे मूल. याला घेऊन चाल. स्वयंपाकघरात आग लागलीये. धूर इकडे यायला लागलाय. पड बाहेर.”

ताईची ही जुनी पद्धत. हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या इंजिनियरला ती आधी नकाशातून असं चालायला लावायची. गणितं नंतर. खोडरबर मात्र हल्लीचा होता, बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासूनचा. त्याच्या एका कोपऱ्यावर तिच्या लेकीच्या दोन नव्या दातांच्या खुणा होत्या. काढून घेतला तेव्हा केवढं भोकाड पसरलं होतं बाईसाहेबांनी.

चिमणीनं खोडरबर बोटाखाली धरला आणि सरकवत सरकवत दाराबाहेर आणला. सवयीनं डावीकडे वळली. डावीकडे परवापर्यंत जिना होता. आता तिथे भिंत होती आणि भिंतीपलीकडे ‘भाड्याने द्यायचे ऑफिस’ अशी अक्षरं. ती उजवीकडे वळली. उरलेला एकुलता एक जिना त्या टोकाला होता, स्वयंपाकघराला चिकटून. वाटेतच बोट थबकलं.

“थांबलीस का? चाल ना!”

“इकडे आग आहे, ताई.”

“मग?”

बोट मागे फिरलं आणि पाळणाघरात परत गेलं. खोडरबरासकट.

“शाबास! आता बसा दोघी धुरात गाणी म्हणत!” हॉलभर चाललेली कीबोर्डची टकटक बंद पडली. ताईला त्याचं भान नव्हतं. “जिना खोडताना हात अडखळला कसा नाही गं तुझा? रांगणारी पोरं असणार आहेत त्या मजल्यावर! आज संध्याकाळी हा नकाशा साइटवर जाणार, तोही माझ्या सहीनं. तोंड काय तुला नुसतं डबा खायला दिलंय?”

चिमणीचे डोळे भरून आले. खोडरबरावरचं बोट तिनं तेवढं हलवलं नाही.

“साहेबांनी सांगितलं होतं.”

“साहेबांनी विहिरीत उडी मार म्हटलं तर मारशील? मला एक फोन करता येत नव्हता?”

“केला होता. तुम्ही कट केलात. परत केला, परत कट केलात. मग तुमचा मेसेज आला.” चिमणीनं दुसऱ्या हातानं फोन पुढे धरला. “‘साहेब म्हणतील तसं कर.’”

ताईला दवाखान्याचं बाकडं आठवलं. लेकीची नुकतीच लस टोचलेली मांडी. खांद्यावर रडून रडून तापलेलं तोंड. आणि मोकळ्या हाताच्या अंगठ्यानं कसाबसा लिहिलेला मेसेज. कशाबद्दल विचारतेय ही पोर, तेही तिनं विचारलं नव्हतं.

“आणि साहेब काय म्हणाले?” तिचा आवाज खाली आला होता.

चिमणीनं मान खाली घातली.

“बोल.”

“मी म्हटलं, ताईंना विचारून करते. तर म्हणाले, ‘तिला कशाला त्रास देतेस? ती आई झालीये आता. अंगानं ऑफिसात असते, डोकं असतं घरी.’”

ताईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पाणी उताराकडे धावतं, तसा सकाळपासून तिचा राग या पोरीवर धावत होता. उतार तिकडेच होता ना. चढावर राग चढवायला छातीत दम लागतो.

तिनं नकाशा गुंडाळला. खोडरबर मुठीत घेतला.

“डोळे पूस. चल माझ्याबरोबर.”

साहेबांच्या केबिनचं दार तिनं न वाजवताच ढकललं. त्यांच्या पुढ्यातला चहाचा कप बाजूला सारला आणि नकाशा अंथरला.

“सही राहिलीये वाटतं,” साहेबांनी पेन पुढे केलं.

“जिना परत येईपर्यंत माझी सही मिळणार नाही.”

साहेब खुर्चीत मागे रेलले. “हरकत नाही. सही करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. जो करेल तो हे काम पुढे सांभाळेल. तुलाही घरी जरा वेळ मिळेल. तुझ्या भल्याचंच सांगतोय.”

हे काम तिनं पोटात बाळ असताना पहिल्या रेघेपासून उभं केलं होतं. क्षणभर तिला वाटलं, पेन घ्यावं. मग मुठीतला खोडरबर तळव्याला टोचला.

“द्या त्यांना,” ती म्हणाली. “पण त्याआधी तुम्ही एकदा चालून दाखवा. बोट ठेवा.”

“हा काय पोरखेळ लावलायस?”

“पोरांचंच काम आहे, साहेब. पाळणाघरातून निघायचं. स्वयंपाकघरात आग लागलीये. हे मूल.” तिनं खोडरबर चौकोनात ठेवला.

साहेब हसले. घड्याळात पाहिलं. मग बोट टेकवलं आणि झरकन निघाले. दारातून उजवीकडे, स्वयंपाकघरावरून सरळ, जिन्यात, जिन्यातून नकाशाच्या कडेपार. पापणी लवायच्या आत.

“एवढंसं तर अंतर आहे. श्वास रोखला की माणूस पळतो गं.” त्यांनी टेबलावर बोट वाजवलं. “हा बघ, सुखरूप बाहेर. झालं समाधान?”

ताईनं तोंड उघडलं. पण तिच्या आधी तिच्या पाठीमागून एक आवाज आला. रडून जड झालेला, तरी स्पष्ट.

“साहेब,” चिमणी म्हणाली, “मूल आतच राहिलं.”