अंगठ्याची बाजू

"स्क्रू अजून पाव आटा सैल कर," बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा जरा!" मी स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला. एरवी फक्त दिवाळीला तोंड दाखवणारी मी, या घडीच्या चाकूपायी चार रविवार माहेरी येत होते. सुट्या भागांचं किट मीच मागवलं होतं. पण स्क्रू घट्ट केला की पातं उघडायचं नाही, सैल केला की डुगडुगायचं. आणि समोर तीस वर्षं फिटरकी केलेला माणूस. लकव्याने उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड मात्र चालू.

शिसवीची मूठ घासून माझी बोटं सोलवटली होती. हट्ट एवढाच, की बाबांना एका हाताने चाकू उघडता यावा.

मी पाव आटा सैल केला. पात्यावरची छोटी खुंटी अंगठ्याने ढकलली आणि पातं खटकन उघडलं! चाकू हातात दिला की भांडण होतं, असं आई म्हणायची. म्हणून तो मिटून त्यांच्यापुढे ठेवला.

बाबांनी डाव्या हाताने उचलला. त्यांचा अंगठा पात्यावरून नुसताच फिरला. खुंटी पलीकडच्या बाजूला होती. मी ती माझ्या उजव्या हाताच्या सवयीने बसवली होती.

माझं डोकं सणकलं. "तुम्हाला दिसलं नाही?"

"पहिल्याच रविवारी दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

बाबांनी स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे सरकवला.

"आणि मग पुढच्या रविवारी कशाला आली असतीस तू?"