सहावा ठिपका

चाचणीच्या पेटीचं झाकण उघडलं तसं खारं धुकं तिच्या चष्म्यावर बसलं. कोटाच्या टोकाने काच पुसून तिने ॲल्युमिनियमच्या पट्ट्या एकेक करून बाहेर काढल्या आणि नळाखाली धुतल्या. दोन आठवडे त्या मिठाच्या फवाऱ्यात उभ्या होत्या. वरचा थर पक्का असला तर पट्टी जशीच्या तशी निघते, कच्चा असला तर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. एका पट्टीवर पाच खड्ड्यांपर्यंत माफी. सहावा दिसला की सगळा माल परत.

माल ज्या कारखान्याचा होता, तिथे थर चढवायच्या टाकीवर तिचा जावई होता. त्याचं कायम होणं याच मालावर अडून बसलं होतं. तिने साहेबांना आधीच सांगितलं होतं, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. साहेब हसले. तुम्ही सख्ख्या भावालाही सोडणार नाही, जावयाचं काय घेऊन बसलात, म्हणाले.

बाकीच्या पट्ट्या निभावल्या. शेवटच्या पट्टीवर पाच ठिपके होते आणि कडेला आणखी एक.

टाकीत पट्टी ज्या चिमट्याने धरतात त्या जागी थर चढतच नाही, म्हणून तिथला डाग मोजायचा नसतो. या पट्टीवर चिमट्याचा ठसा वरच्या कोपऱ्यात स्पष्ट उमटला होता. कडेचा ठिपका त्याच्यापासून चांगला लांब होता. ती भिंग धरून बराच वेळ बघत राहिली. कधीकधी दोन चिमटेही लावतात. तिने भिंग खाली ठेवलं आणि कागदावर पाच लिहिलं.

दुपारी जावई निकाल न्यायला आला. दाराशीच चप्पल काढू की नको अशा घोटाळ्यात पडला, मग तसाच आत आला. तिने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं आणि माल पास झाल्याचं सांगितलं. त्याने पाण्याचा पेला तोंडाला न लावताच खाली ठेवला. पट्ट्या बघू का, म्हणाला. शेवटच्या पट्टीपाशी त्याचं भिंग थांबलं.

"हा कडेचा?"

"चिमट्याचा आहे."

"चिमटा एकच होता, आई. मीच लावला होता."

तिने चष्मा काढला, पुन्हा घातला. "तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं," ती हळूच म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पट्टी होती तशी जागेवर ठेवली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

"सहा लिहा."

तिने पाचावर काट मारली, सहा लिहिलं, बाजूला सही केली. त्याने आपली प्रत घडी करून खिशात घातली, पेल्यातलं पाणी उभ्यानेच प्यायला, गुडघा कसा आहे विचारलं आणि निघून गेला.

संध्याकाळी ती पेटी साफ करत असताना लेकीचा फोन आला. लेक चिडलेली नव्हती, नुसती दमलेली वाटत होती. कायम व्हायचं आता पुढच्या वर्षावर गेलं, म्हणाली. मग म्हणाली, की तो घरी आल्यापासून तुझंच कौतुक करतोय. मी पाचच मोजले होते, पण हिच्या आईच्या नजरेतून काही सुटत नाही, असं आल्या आल्या माझ्या सासऱ्यांना सांगत होता.

फवाऱ्याच्या तोंडाशी मीठ घट्ट बसलं होतं. ती ते नखाने खरवडत होती.

"अगदी कडेला होता म्हणे," लेक म्हणाली. "खरंच दिसला तुला?"

तिचा हात थांबला.

"दिसला होता," ती म्हणाली.