डोंगराची खूण

"अय्या, किती गोड! नाव काय हो या फुलाचं?" श्रद्धाने विचारलं.

"अग्निशिखा," मैना म्हणाली.

खोटं नव्हतं. पुस्तकात तेच नाव आहे. गावात मात्र शेंबडं पोरसुद्धा त्याला कळलावी म्हणतं, आणि कळलावी घरात आली की घरात भांडणं पेटतात म्हणून कोणी ती उंबऱ्याच्या आत आणत नाही. श्रद्धा दादरला वाढलेली, गावात राहायला येऊन जेमतेम आठ दिवस झालेले. तिला हे सांगणार कोण? मैना तर नाहीच नाही.

दोन हात रुंद फोटो होता, काचेत बसवलेला. मैनाच्या नवऱ्याने, रघूने, तो गुहागरच्या स्टुडिओतून स्कूटरवरून सांभाळून आणला होता. दसरा तोंडावर आला तरी पाऊस हटत नव्हता. रघूने पिवळा रेनकोट पडवीत टांगला आणि हरिश्चंद्रकाकांच्या हॉलमध्ये स्वतः खिळा ठोकला. रेनकोट पाठीवर फाटला होता. तिथे मैनाने जुन्या दप्तराच्या लाल रेक्झिनचं चौकोनी ठिगळ लावलेलं. त्यावरून वाडीतली पोरं रघूला टपालपेटी म्हणायची.

काकांनी घरात पर्यटकांसाठी खोल्या काढल्या होत्या, आणि त्यांच्या सुनेला, श्रद्धाला, भिंतीवर गावचे फोटो हवे होते. काका मोतीबिंदू काढायला मुंबईला लेकीकडे गेले होते. घरात असते तर ते फूल फाटकातूनच परत गेलं असतं.

"कॅमेरा तर तुमचा मुठीत मावतो. आणि फोटो बघा!"

कॅमेरा शेजारच्या हफीजाभाभीने दिलेला. तिच्या नवऱ्याने तो कुवेतहून आणला होता.

"कॅमेऱ्याचं काय नाय," मैना म्हणाली. "पाऊस थांबून ढग असले पायजेत. कोपरं जमिनीला टेकायची, श्वास धरायचा. कॅमेऱ्यावर फुलाची खूण लावली की नुसतं फूल येतं, मागचं पुसट. डोंगराची खूण लावली की पुढचं मागचं सगळं लख्ख. मला मागची कलमं पण हवी होती."

"कोणाची आहेत ती?"

"आमची. होती."

हापूसची ती कलमं मैनाच्या बापाने लावलेली. हद्दीवरून हरिश्चंद्रकाका बापाशी जन्मभर भांडले. 'तुझी कलमं माझ्या डोळ्यांत सलतात,' असं एकदा भर गावात बोलून बसले होते. बाप गेला, मैना एकुलती, कलमं तिच्याकडे आली.

भाद्रपदात एकदा रघू पहिल्या गाडीने खेडला जातो म्हणून गेला. चहाची घाई नव्हती, म्हणून मैना उजाडतानाच सड्यावर, वाडीवरच्या कातळमाळावर, चढली. तिथे हा फोटो मिळाला. पुढे कळलावी पेटलेली, मागे कलमं हिरवीगार, मधेमधे सोनकीच्या फुलांचे पिवळे ठिपके. कॅमेऱ्याच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावरसुद्धा तिचा जीव हरखला.

आठवड्याभरात कलमं सुकायला लागली. खोडांना गिरमिटाने भोकं पाडून कोणीतरी तण मारायचं औषध ओतलं होतं आणि वरून चिखल लिंपला होता. कोणीतरी कसलं! सगळी वाडी काकांच्या घराकडे बोट दाखवत होती. फक्त पुरावा नव्हता.

मैनाने आक्रोश केला, काकांच्या फाटकात उभी राहून शिव्या घातल्या. रघूने तिला धरून घरी आणलं.

"झाडं काय परत येणारेत?" तो म्हणाला. "मुंबईची पार्टी जागा मागते तर देऊन टाकू. त्या थेरड्याचं तोंड तरी नको बघायला."

एरवी ती म्हणायची, आधी मला विका, मग जागा. आता तिने मान डोलावली. दिवाळीनंतर सही करायचं ठरलं.

पण जाण्याआधी तिला काकांना काहीतरी द्यायचं होतं. आपण मारलेली झाडं त्यांना रोज जेवताना दिसली पाहिजेत. आणि त्या घरात कळ लागली पाहिजे, बापलेकाची, नवराबायकोची, एकाने वाढलेलं दुसऱ्याने भिरकावलं पाहिजे. फोटोची काच पुसताना ती मनात म्हणत होती, लाग गो बाई, चांगली लाग.

काका परतले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. "मैना, जरा येऊन जा गो. फोटोचं बोलायचंय."

लागली! मैनाला हसू आवरेना. रघूने तिला स्कूटरवरून सोडलं. "मी नाय येत त्याच्या दारात," तो म्हणाला आणि फाटकाबाहेरच थांबला.

काका काळा चष्मा कपाळावर सरकवून फोटोसमोर उभे होते.

"माझ्या घरात कळलावी टांगलीस?"

"अग्निशिखा म्हणतात, काका."

"मला शिकवतेस? फुलाचं ऱ्हाऊ दे. तू आळ घेतलास, लोकांनी माझ्याशी बोलणं टाकलं, मी गप बसलो. आता हकडे बघ. ऑपरेशन झाल्यापास्नं बारीकसारीक सगळं दिसतं मला."

त्यांनी काचेवर बोट ठेवलं. मागे, कलमांमध्ये, एक पिवळा ठिपका.

"सोनकी हाय ती," मैना म्हणाली.

"सोनकी झाडाला गिरमिट लावते काय गो?"

मैना काचेला नाक लावून बघू लागली. माणूस होता. पाठमोरा, खोडाशी वाकलेला, पायाशी कॅन. सापडला! पुरावा सापडला!

"तुमचाच कोणतरी असेल," ती ओरडली. "आता सोडत नाय मी, काका. खडी फोडायला पाठवीन त्याला!"

"माझा असता तर तुला बोलावलं असतं? तूच ओळख. पिवळे रेनकोट गावात ढिगानं. पण ह्याच्या पाठीवर कायतरी लाल हाय बघ, चौकोनी."

मैना बघत राहिली. बाहेर पाऊस पुन्हा सुरू झाला होता. रस्त्याने शाळेची पोरं चालली होती, आणि त्यांतलं एक फाटकाशी थांबून हसत ओरडलं, "ओ टपालपेटी, हितं काय करताव?"